गारठलेले एंजिन

पौष महिन्यातील पहाट होती. घोड नदीच्या पात्रावरून धुके हळूहळू काठावर चढत होते. उसाचे फड, बांधावरची बाभळ, दूरचा विजेचा खांब, सारे त्या धुक्यात विरघळल्यासारखे दिसत होते. पुणे जिल्ह्याच्या या पूर्वेकडील भागाशी पाऊस कंजूषपणे वागतो; थंडी मात्र हात आखडता घेत नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरणे, यात नवल नसते. पुणे शहरात तर १७ जानेवारी १९३५ रोजी तो १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. त्यातून नदीकाठचे ओलिताचे रान म्हणजे थंडीचे माहेरघरच.

अशा या रानाच्या कडेला दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉल्यांवर उसाच्या मोळ्या माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत रचलेल्या होत्या आणि त्यांवर दव पडून त्या ओल्याचिंब झाल्या होत्या. ऊसतोडणीच्या टोळीने रात्री उशिरापर्यंत राबून ती भर भरली होती. आता उजाडण्यापूर्वी गाडी निघून कारखान्याच्या काट्यावर पोहोचायला हवी होती. ऊस दिसतो काठीसारखा टणक. पण तोडल्या क्षणापासून त्यातील पाणी आटू लागते, वजन घटते आणि साखरही उतरू लागते. म्हणून तोडलेला ऊस एका दिवसाच्या आत गाळला जावा, असे सांगतात. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर, तोडणाऱ्यांना मजुरी मिळते ती वजनावर आणि ट्रॅक्टरवाल्याला भाडे मिळते तेही वजनावर. एक ट्रॅक्टर खोळंबला, की तीन घरांच्या चुलींना त्याची झळ लागते.

ट्रॅक्टरचा चालक पन्नाशीला आलेला, अबोल स्वभावाचा गृहस्थ होता. त्याने कानांना मफलर गुंडाळला होता आणि अंगावर लष्करी रंगाचा जुना कोट चढवला होता. त्याच्याबरोबर त्याचा बारा वर्षांचा भाचा होता. भाचा राहणारा दौंडचा. नाताळच्या सुटीत मामाच्या गावी आलेला. ‘उसाची गाडी कशी निघते, ते मला पाहायचेच आहे,’ असा हट्ट धरून तो भल्या पहाटे घोंगडी पांघरून रानात आला होता.

एंजिन ही वस्तू त्या मुलाला अपरिचित नव्हती. दौंड हे मोठे जंक्शन; मनमाडकडे जाणारा लोहमार्ग तेथून १८७८ सालापासून निघतो. मुलाच्या आजोबांची सारी नोकरी रेल्वेत गेलेली. मार्गावर विजेच्या तारा आल्या नव्हत्या, त्या काळी स्थानकात डिझेलची एंजिने रात्र-रात्र धडधडत उभी असत आणि त्या आवाजातच आम्हांला झोप लागे, असे ते सांगत. गाडी हलायची नसताना एंजिन चालू कशाला ठेवायचे, हे कोडे मुलाला कधी सुटले नव्हते. आजोबा म्हणत, ‘ते झोपी गेले, की उठवायचे कोणी?’ आणि एवढे बोलून हसत. आजोबांचे ते हसणे मुलाला त्या पहाटे आठवले.

मामाने किल्ली फिरवली. सेल्फ फिरू लागला, पण कसा? घर्र… घर्र… घर्र… आजारी माणसाने जिना चढावा तसा. धुराड्यातून पांढऱ्या धुराचा एक विरविरीत झोत आला आणि विरून गेला. मामाने किल्ली सोडली. काही वेळ तो स्वस्थ बसून राहिला. मग पुन्हा एकदा किल्ली फिरवली. या खेपेला आवाज आणखी मंदावला.

“मामा, पुन्हा मारा की सेल्फ!” मुलगा अधीर होऊन म्हणाला. “आता लागलंच असतं!”

“नाही बाळ,” मामा खाली उतरत म्हणाला. “बॅटरीत आता फार तर एका वेळेपुरता जीव आहे. तो असा उधळला, तर मग दिवस उजाडेपर्यंत बसावं लागेल.”

एरवी त्याची एक युक्ती ठरलेली असे. रात्री ट्रॉली सोडवून तो ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवी. सकाळी ब्रेक सोडला, की ट्रॅक्टर आपोआप गडगडत निघे. मग गिअर टाकून क्लच सोडला, की एंजिनाला जागे व्हावेच लागे. खेड्यापाड्यांतील कित्येक ट्रॅक्टर याच रीतीने सुरू होतात. पण आदल्या रात्री काम उरकायला फार उशीर झाला होता, अंग आंबून गेले होते आणि त्याने ट्रॅक्टर होता तेथेच, सपाटीवर, भरल्या ट्रॉल्यांसकट सोडून दिला होता. आळस एका रात्रीचा. वसुली मात्र भल्या पहाटे, आणि तीही थंडीच्या हातून!

परंतु थंडीने एंजिन अडावे तरी का? ते लोखंडाचे, त्याला ना कातडी, ना हुडहुडी.

याचे उत्तर डिझेल एंजिनाच्या घडणीतच आहे. पेट्रोलच्या एंजिनात विजेची ठिणगी पडते आणि ती इंधन पेटवते. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा आत ओढली जाते आणि दट्ट्या तिला इतकी आवळतो, की तिचा आकार मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यावर येतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देण्याइतके तापते, हे मुलांना माहीत असते. तसेच येथे होते. फक्त ही ऊब पाचशे अंशांच्या पुढे जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला, की तो आपसूक पेट घेतो. ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. १८९३ साली त्याला तिचे पेटंट मिळाले आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे एंजिन यशस्वीपणे चालले. त्याच्या आडनावानेच आज आपण त्या इंधनाला ओळखतो. माणूस विसरला गेला आणि नाव पंपावर राहिले.

आता ही हवाच मुळी बर्फासारखी गार असली आणि ज्या लोखंडी नळकांड्यात ती आवळायची तेही गारठलेले असले, तर काय होईल? आवळल्यामुळे निर्माण झालेली उष्णता लोखंड शोषून घेते. फवारा उडतो, पण पेटत नाही. अर्धवट तापलेले ते डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. मुलाने पाहिलेला तो विरविरीत झोत म्हणजे न पेटलेले इंधनच होते. एंजिन झपाट्याने फिरले, तर लोखंडाला ही ऊब गिळायला सवड मिळत नाही. परंतु थंडीत एंजिनातील वंगणाचे तेल काकवीसारखे दाट होते आणि फिरणे जड जाते. ज्या बॅटरीने त्याला फिरवायचे, तिचीही शक्ती गारठ्याने घटलेली असते. ओझे वाढते त्याच वेळी बैल अशक्त होतो, असा हा प्रकार.

मामाच्या वडिलांच्या वेळी बॅटरीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या विहिरीवर डिझेलचे पाण्याचे एंजिन होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना निघाला आणि पुढे महाराष्ट्रातील असंख्य विहिरींवरची मोट अशा एंजिनांनी सुटली. ते सुरू करायचे हँडल मारून. प्रथम एक खिट्टी उचलायची, म्हणजे आतील हवा मोकळी राहून चाक हलके फिरते. मग हँडल जोराने फिरवून चाकाला वेग आला, की खिट्टी झटकन पाडायची. हवा आवळली जाते, फवारा पेटतो आणि ‘टुक्… टुक्… टुक्’ असा आवाज शिवारभर घुमू लागतो. हिवाळ्याच्या पहाटे मात्र दोन-दोन गडी घामाघूम होत, तरी एंजिन ऐकत नसे. शिवाय हँडल उलटे फिरले, तर मनगटाला इजा व्हायची भीती! वडील अशा वेळी एंजिनाच्या टाकीत घरून आणलेले कढत पाणी ओतायला सांगत. लहानपणी चुलीवरचे पाणी विहिरीपर्यंत वाहून नेण्याचे काम मामाकडेच असे.

ही हकिकत तो मुलाला सांगतच होता, तोच पलीकडच्या बांधावरून दुसरा एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने एकदा सारे पाहिले आणि सहज सांगितले, “अहो, एक चिंधी घ्या, डिझेलात बुडवा, पेटवा आणि हवा ओढायच्या तोंडाशी धरा. दोन मिनिटांत भडकेल एंजिन!”

युक्ती काही नवी नव्हती. जळत्या बोळ्याने आत जाणारी हवा तापते आणि अडलेले एंजिन कित्येकदा सुरूही होते. मुलगा चिंधी शोधण्यासाठी वळलासुद्धा. पण मामाने नकारार्थी मान हलवली.

“नको. इथं नको.”

त्याने हाताने सभोवार दाखवले. ट्रॅक्टरच्या चाकांखाली, ट्रॉल्यांखाली, साऱ्या रानात उसाचे वाळलेले पाचट गुडघाभर पसरले होते. वरच्या थराला दव होते. पण खालचे पाचट कडकडीत वाळलेले असते, हे रानात राबणाऱ्याला सांगावे लागत नाही. आणि तेथून शंभर पावलांवर तोडणी करणाऱ्यांच्या कोप्या होत्या. त्याही बांबूच्या आणि पाचटाच्याच. बायका उठून चुली पेटवीत होत्या, परंतु मुले अजून गोधड्यांत होती.

“एवढ्यानं काय होतंय?” तो ट्रॅक्टरवाला म्हणाला.

मामा काही बोलला नाही. त्याच्या नकारामागे एक जुनी रात्र होती.

तरुणपणी तो मालट्रक चालवीत असे. एका हिवाळ्यात शिरूरकडचा कांदा भरून तो श्रीनगरला निघाला होता. २०२१ साली काझीगुंडचा नवा बोगदा वाहतुकीला खुला झाला. त्याआधीची ही गोष्ट. त्या वेळी काश्मीरच्या खोऱ्यात जाणारी वाट १९५६ सालच्या जवाहर बोगद्यातून जाई. बोगदा ओलांडून गाडी काझीगुंडला पोहोचली आणि बर्फामुळे पुढचा रस्ता बंद झाला. ट्रकांची रांगच रांग लागली. रात्री पारा शून्याच्या खाली सात-आठ अंश गेला असावा. कांद्याला थंडी लागू नये म्हणून ताडपत्रीखाली रिकामी पोती कोंबून तो आणि त्याचा क्लीनर केबिनमध्ये कुडकुडत बसले. डिझेल जळू नये म्हणून एंजिन बंद ठेवले होते.

पहाटे रस्ता मोकळा झाल्याची आरोळी आली. गंमत अशी, की एंजिन सुरू झाले! नवी बॅटरी होती. पण दोनच मिनिटांत ते गुदमरल्यासारखे होऊन बंद पडले आणि मग काही केल्या हलेना. फिल्टर उघडला, तेव्हा आत पांढुरका लगदा दिसला. थिजलेले तूपच जणू! शिरूरच्या माणसाने असे डिझेल कधी पाहिले नव्हते.

पण खोबरेल तेल त्याने पाहिले होतेच. हिवाळ्याच्या सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली, तरी थेंब पडत नाही. आई ती चुलीच्या कडेला ठेवते, मग तेल वितळते. डिझेलचेही तसेच आहे. त्यात मेणाचा अंश विरघळलेला असतो. गारठा वाढला, की मेणाचे बारीक कण जमू लागतात. प्रथम डिझेल गढूळ दिसते, मग ते कण फिल्टरच्या जाळीत अडकून वाट बुजवतात आणि अखेर सारेच थिजते. खोबरेल आपल्याकडील थंडीत थिजते, डिझेलला याहून कडक थंडी लागते, एवढाच फरक. भारतीय मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतील नेहमीचे डिझेल सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे. उन्हाळी डिझेलसाठी ही मर्यादा अठरा अंशांची आहे. घोडनदीच्या काठी एवढे पुष्कळ झाले. हिमालयात मात्र टाकीतले सपाटीवरचे डिझेल परक्या मुलखात आलेल्या माणसासारखे गोठून बसते.

त्या पहाटे काझीगुंडला मागचे ट्रक भोंगे वाजवू लागले. पुढची गाडी निघून गेली. क्लीनर म्हणाला, टाकीखाली जाळ करू. इकडचे लोक करतात. करतात, हे खरेच होते. तरुण रक्त, मागे भोंग्यांचा गलका, पुढे मोकळा रस्ता. दोघांनी पोत्याच्या चिंध्या पेटवून टाकीखाली ढकलल्या. टाकी तापली की नाही, कोण जाणे. परंतु टाकीपासून निघालेली रबराची नळी वितळली, डिझेल ठिबकले आणि ज्वाळा सरसरत वर चढली. वरती दहा टन कांदा, बाजूला खेटून उभ्या असलेल्या गाड्या आणि त्यांत झोपलेली माणसे! दोघांनी हातांनी बर्फ ओरबाडून त्या जाळावर टाकले, घोंगड्या टाकल्या, आसपासचे चालक धावून आले. जाळ विझला. क्लीनरचे दोन्ही पंजे भाजले होते.

पंजाबकडील एका वृद्ध चालकाने त्या वेळी त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याने आपल्याजवळच्या नळीचा तुकडा काढून जोडून दिला. शेजारच्या दुकानदाराने समोवारमधले गरम पाणी दिले. त्या पाण्यात फडकी भिजवून ती फिल्टरला गुंडाळायची, निवली की पुन्हा भिजवायची, असे चालले. अकराच्या सुमारास ऊन आले आणि टाकीला लागले. एंजिन सुरू झाले. श्रीनगरला पोहोचेपर्यंत कांद्याची वरची दोन-तीन पोती गोठून वाया गेली होती. त्या पोत्यांचे पैसे मामाच्या पगारातून कापले गेले. पण त्याचे त्याला काही वाटले नाही. क्लीनरचे हात मात्र त्याला पुढे पुष्कळ दिवस दिसत राहिले.

लडाखच्या थंडीपुढे तर काझीगुंडची थंडी काहीच नव्हे. तेथे हिवाळ्यात डिझेल थिजण्याचा त्रास चालकांनी वर्षानुवर्षे सोसला. कोणी त्यात रॉकेल मिसळून ते पातळ करी. कोणी रात्रभर एंजिन बंदच करीत नसे. (दौंडच्या आजोबांचे हसणे येथे पुन्हा आठवावे.) पुढे पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तयार झाले आणि १७ नोव्हेंबर २०१९ रोजी इंडियन ऑइलने ते लडाखसाठी विक्रीला आणले. ज्याने टाकीखाली जाळ केला आहे, त्यालाच या बातमीचे मोल कळेल.

इकडे घोड नदीच्या काठी पूर्व दिशा फिकी होऊ लागली होती. मामा कोपीकडे गेला. चुलीवर अंघोळीच्या पाण्याचे मोठे पातेले चढले होते.

“ताई, पाणी मिळेल का थोडं? एंजिन गारठलंय.”

त्या बाईने क्षणभर पातेल्याकडे पाहिले. दिवसभर उसात राबणाऱ्या माणसांना कढत पाण्याचे मोल किती असते, हे सांगायला नको. ते पाणी तिने नदीवरून डोक्यावर आणलेले होते. पण ट्रॉल्यांत ऊस तिच्याच हातांनी तोडलेला होता. “न्या भाऊ,” ती म्हणाली, “पातेलं तेवढं लगेच धाडा.”

मामाने प्रथम रेडिएटरमधले गार पाणी तोटी उघडून सोडून दिले. मग पातेल्यात थोडे गार पाणी मिसळून ते सोसवेल इतपत केले. गारठलेल्या लोखंडावर एकदम उकळते पाणी घातले, तर त्याला तडा जायचा संभव असतो. ते पाणी तो हळूहळू ओतू लागला. तांब्याभर पाणी त्याने मुद्दाम बाजूला ठेवले होते. बॅटरीच्या तारा सोडवून, तिच्या टोकांवर साचलेला पांढरट-निळसर थर त्याने त्या पाण्याने धुऊन काढला, फडक्याने टोके कोरडी केली आणि तारा पुन्हा घट्ट आवळल्या. मुलगा पाना हातात धरून उभा होता. मग मामा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नुसता बसून राहिला.

“आता कशाची वाट पाहायची?” मुलाने विचारले.

“पाण्याची ऊब लोखंडात उतरू दे.”

पाच मिनिटे झाली. ती पाच मिनिटे मुलाला शाळेच्या तासाएवढी वाटली. मग मामा आसनावर चढला. त्याने क्लच पूर्ण दाबला, म्हणजे गिअरपेटीतील दाट तेलाचे ओझे सेल्फवर पडू नये. किल्ली फिरली. घर्र, घर्र, घर्र, घर्र! या वेळी आवाजात जोर होता. पांढरा धूर आला, एक ठोका पडला, मग दुसरा, मग मध्येच काही नाही, आणि मग एकदम चारही ठोके लागले! साऱ्या ट्रॅक्टरला कापरे भरले. ट्रॉलीवरच्या मोळ्यांतून दवाचे थेंब टपटप गळू लागले.

“निघा आता, मामा!”

मामा तरीही निघाला नाही. त्याने एंजिन मंद चालू ठेवले. वंगण पातळ होऊन एंजिनाच्या सांध्यासांध्यांत पोहोचायला थोडा अवकाश लागतो. त्याआधीच ओझे ओढायला लावले, तर लोखंड लोखंडावर घासते. दुसरा ट्रॅक्टरवाला जाताजाता म्हणाला, “एवढी पूजा करता होय एंजिनाची!” मामा हसला. पांढरा धूर हळूहळू निवळला आणि पार दिसेनासा झाला, तेव्हा कुठे त्याने गिअर टाकला. दोन्ही ट्रॉल्या एकेक करीत हिसका देऊन हलल्या. पाचट करकरले. बांधाच्या चढावर एंजिन जड आवाजात गुरगुरले, ट्रॉलीचा लाल कपडा बांधलेला मागचा भाग धुक्यात शिरला आणि थोड्या वेळाने आवाज डांबरी रस्त्याला लागल्याचे कळले.

मुलगा रिकामे पातेले घेऊन कोपीकडे गेला. बाईने दुसरे पाणी चुलीवर ठेवलेच होते. चुलीच्या कडेला खोबरेलाची बाटली कलती करून ठेवली होती आणि तिच्यातील पांढरा गोळा बाजूबाजूने सुटू लागला होता. एक लहान मुलगी केस मोकळे सोडून तिच्याकडे पाहत बसली होती.

“निघाली का गाडी?” बाईने विचारले.

“निघाली,” मुलगा म्हणाला आणि चुलीपाशी हात शेकत उकिडवा बसला.